दोन दिवसांचे कोथरूड : वैद्याने काय पाहावे, काय जेवावे

परिसंवाद, शास्त्रचर्चा, मुलांचे महाविद्यालयीन प्रवेश, औषधिनिर्माणशाळेसाठी यंत्रसामग्रीची खरेदी, नाहीतर आप्तेष्टांकडील लग्नकार्य, अशा काही ना काही निमित्ताने आपल्या सभासद बंधु-भगिनींना पुण्यास यावे लागते. मुक्काम बहुधा दोन दिवसांचा असतो आणि पुष्कळदा तो कोथरूडला पडतो. आम्ही गेली अनेक वर्षे कोथरूडमध्येच चिकित्सालय चालवीत असल्याने बाहेरगावचे स्नेही हक्काने आमच्याकडे उतरतात आणि हक्काने विचारतात, "दोन दिवसांत काय पाहावे? आणि जेवायला कोठे जावे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यात आमची एकदा फार मोठी चूक झाली होती, ती प्रथम सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादासाठी पाच वैद्य मित्र आमच्याकडे उतरले. आतिथ्याच्या उत्साहात आम्ही त्यांना सकाळी मिसळ, दुपारी श्रीखंडपुरीची थाळी, सायंकाळी बाकरवडी, रात्री मसालेभात आणि वर मस्तानी असा क्रम घडविला. दुसऱ्या दिवशीचे पहिले व्याख्यान अग्निमांद्यावर होते. आमच्या पाच पाहुण्यांपैकी दोघे सभागृहात पेंगत होते, दोघे लिंबूपाणी शोधीत बाहेर गेले होते आणि पाचवे, सर्वांत ज्येष्ठ, आमच्याकडे पाहून इतकेच म्हणाले, "अहो, वक्त्यांना उदाहरण हवे असेल तर आम्हांला व्यासपीठावर बसवा." त्या दिवसापासून आम्ही पाहुण्यांसाठी निराळा आराखडा करू लागलो. तो आज सर्वांपुढे ठेवीत आहोत.

मुक्काम आणि प्रवास

कोथरूडला पोहोचणे आता पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. मेट्रोचा वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि ऑगस्ट २०२३ पासून तीच गाडी पुणे रेल्वे स्थानकापर्यंत जाऊ लागली. रेल्वेने येणाऱ्यांनी स्थानकावरून वनाजकडे जाणारी गाडी धरावी आणि नळ स्टॉप, आयडियल कॉलनी, आनंदनगर किंवा वनाज यांपैकी सोयीच्या स्थानकावर उतरावे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्गही सुरू झाला. त्यामुळे जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून थेट मंडईत उतरता येते. एस. टी. ने स्वारगेटला येणाऱ्यांना हाच मार्ग उलट दिशेने उपयोगी पडतो. मुंबईकडून चांदणी चौकामार्गे येणाऱ्यांसाठी तेथील नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ पासून खुला आहे.

पहाटे टेकडी

पुण्यातील पहिली सकाळ उपाहारगृहात घालवू नये, टेकडीवर घालवावी. कोथरूडच्या उत्तरेस वेताळ टेकडीची रांग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तिचा माथा हा शहरातील सर्वांत उंच भाग होय. कोथरूडच्या बाजूने म्हातोबाच्या देवळाकडून किंवा पौड रस्त्याकडून एआरएआयच्या वाटेने वर जाता येते. पहाटे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असल्याने वाट चुकण्याचे भय नाही. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा नियम मात्र चढणीवरही पाळावा. कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास सुरू झाला की दोन मिनिटे थांबावे. पावसाळ्यात मुरमाची वाट निसरडी होते. त्या दिवसांत संधिविकार असलेल्यांनी खालच्या सपाट भागातच शतपावली करावी.

या टेकडीवर आपल्यासारख्यांना पाहण्याजोगे पुष्कळ आहे. वनीकरणात लावलेली गिरिपुष्पाची परदेशी झाडे प्रथम डोळ्यांत भरतात. पण त्यांच्यामधून नीट पाहिले असता सालई दिसते. हीच आपली शल्लकी. पापुद्रे सुटणारी तिची साल, फांद्यांच्या टोकाशी गोळा झालेली संयुक्त पाने आणि जखमेतून पाझरणारा सुगंधी निर्यास एकदा प्रत्यक्ष पाहिला की संधिवातात वापरण्याच्या गोळ्यांच्या डबीवरील नाव केवळ नाव राहत नाही. पळस, बहावा, खैर, हिवर हे वृक्ष आणि पावसाळ्यात शतावरी, गुळवेल, काळी मुसळी यांचेही दर्शन घडते. आमच्या स्नेह्यांत असे कित्येक आहेत की ज्यांनी मुसळीचे चूर्ण तीस वर्षे रुग्णांना दिले, परंतु मुसळीचे पिवळे फूल प्रथम पाहिले ते येथे. फक्त पाहावे, उपटू नये. एका टेकडीने शहरातील सर्व वैद्यांना मुळ्या पुरवावयाच्या ठरविल्यास ती दोन वर्षांत बोडकी होईल.

या टेकडीला बांधकामाचे आणि रस्त्याचे भय आहेच. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोठ्या संख्येने पदयात्रा काढली होती. वाहतुकीची अडचण आम्ही कोथरूडकर रोज भोगतो, तेव्हा रस्त्याची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस कळत नाही असे नाही. परंतु शल्लकीचा एक वृक्ष वाढण्यास किती वर्षे लागतात हेही वैद्यांना ठाऊक असले पाहिजे.

कर्वे रस्त्याच्या काठाने

टेकडीवरून उतरल्यावर स्नान आणि न्याहरी आटोपून कर्वे रस्ता पाहावा. पौड फाट्यानजीकचा दशभुजा गणपती आणि पुढे कोथरूडमधील मृत्युंजयेश्वर ही पेशवेकालीन देवस्थाने येथे आहेत. पर्वती आणि सारसबागेप्रमाणे त्यांचीही व्यवस्था श्री देवदेवेश्वर संस्थान पाहते. मृत्युंजयेश्वराच्या दगडी देवळात सकाळच्या वेळी बरीच शांतता असते. रुग्णांच्या नावाने हात जोडण्यास याहून उचित नावाचा देव आमच्या व्यवसायाला कोठे मिळणार?

येथून जवळच कर्वेनगरमध्ये, म्हणजे जुन्या हिंगण्यात, महर्षी धोंडो केशव कर्वे यांची स्त्रीशिक्षणसंस्था आहे. १८९६ मध्ये पुण्यात स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर आला, तो एका झोपडीत. ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. त्या काळी रस्ता नव्हता. अण्णा हिंगण्याहून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास पायी जात आणि पायीच परत येत. १८५८ मध्ये जन्मलेले अण्णा १९५८ मध्ये भारतरत्न झाले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे वयाच्या १०४ वर्षांपर्यंत जगले. रसायनप्रकरण शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना आवळ्याबरोबर हे उदाहरणही देतो. दरवाज्यावर परवानगी विचारून आत जावे, कारण हा परिसर आजही मुलींच्या शिक्षणाने गजबजलेला आहे.

आपल्या शास्त्राची तीन स्थाने

कर्वे रस्त्याने डेक्कनकडे जाताना एरंडवण्यात आयुर्वेद रसशाळा लागते. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या औषधिनिर्माणशाळेचे कल्प महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यांच्या कपाटात आहेत. औषधालयचालकांनी पूर्वपरवानगी घेऊन, वेळ ठरवून भेट द्यावी. आयत्या वेळी जाऊन उत्पादनविभाग पाहण्याचा आग्रह धरू नये. स्वतःच्या लहान औषधिनिर्माणशाळेत उत्तम उत्पादनपद्धतीचे नियम कसे बसवावेत, ही चिंता ज्यांना आहे त्यांना अशा भेटीतून पुस्तकापेक्षा अधिक मिळते.

दुसरे स्थान गो. ग. आगरकर मार्गावरील आघारकर संशोधन संस्था. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने ती सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिला संस्थापक वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव देण्यात आले. तेथे वनस्पतींचा शुष्कसंग्रह आहे आणि कच्च्या औषधी द्रव्यांची ओळख पटवून देण्याचे काम चालते.

याचे महत्त्व कळण्यासाठी आमच्या एका औषधालयचालक स्नेह्यांचा अनुभव सांगावासा वाटतो. तालुक्याच्या गावी ते स्वतः अशोकारिष्ट सिद्ध करतात. एके वर्षी गावातील वैद्य तक्रार करू लागले की, रक्तप्रदराच्या रुग्णांना नेहमीसारखा गुण येत नाही. स्नेह्यांनी पाठ तपासला, संधानाचे दिवस तपासले, गूळ बदलला, धायटीची फुले बदलली. काहीच उलगडेना. एक तरुण वैद्या तर स्वतःच्या निदानावरचा विश्वास गमावून बसल्या. एका रुग्णेस त्यांनी दोन महिने तोच कल्प दिला होता आणि अखेर ती पांडुरोगाने पिवळी पडून शहरातील रुग्णालयात दाखल झाली. पुण्यास एका लग्नाला येताना आमच्या स्नेह्यांनी सालीचे चार तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. वनस्पतिशास्त्राच्या एका जाणकारांनी भिंगाखाली पाहून सांगितले, "ही अशोकाची साल नव्हे." ती शोभेसाठी लावतात त्या उंच, खांबासारख्या झाडाची होती. लोक त्यालाही अशोकच म्हणतात.

पुरवठादाराने जाणूनबुजून फसविले की तोही फसला, हे शेवटपर्यंत कळले नाही. स्नेह्यांनी तो सर्व साठा नष्ट केला, ज्या वैद्यांना माल दिला होता त्या प्रत्येकास पत्र लिहिले आणि त्या तरुण वैद्येकडे स्वतः जाऊन क्षमा मागितली. त्या वर्षी त्यांना मोठा तोटा झाला. "पैसे परत मिळवता येतील. त्या बाईंना दिलेले दोन महिने कोठून परत आणू?" हे त्यांचे शब्द आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून ते पुण्यास येताना पिशवीत कपड्यांआधी द्रव्यांचे नमुने भरतात.

म्हणून आमची सूचना अशी. संशयित द्रव्याचा नमुना, शक्य असल्यास पान-फूल-फळासह, कोरड्या कागदात घेऊन यावे, संस्थेच्या कार्यालयीन वेळेत आधी चौकशी करावी आणि रीतसर शुल्क भरून लेखी अभिप्राय घ्यावा. अशोकापुरता पहिला धडा तर कोथरूडच्या गल्ल्यांतच मिळतो. गृहसंस्थांच्या कुंपणालगत ओळीने उभी असलेली, लांबट आणि कडा लहरदार असलेल्या पानांची उंच झाडे म्हणजे हा खोटा अशोक. खऱ्या अशोकाचा पसारा आडवा, पर्णसंभार दाट आणि फुले नारिंगी-तांबड्या गुच्छांची. फरक एकदा डोळ्यांत बसला की जन्मभर विसरत नाही. सालीचे तुकडे झाल्यावर मात्र डोळ्यांवर विसंबू नये.

तिसरे स्थान विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे सर्वज्ञात आहे. तेथील हस्तलिखितसंग्रहात वैद्यकग्रंथांचाही मोठा विभाग असून त्याची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. दीर्घकाळ संग्रहाचे व्यवस्थापक असलेल्या प. कृ. गोडे यांनी वनस्पती, खाद्यपदार्थ आणि वैद्यकग्रंथ यांच्या इतिहासावर विपुल लिहिले. जिलबीच्या इतिहासाचाही त्यांनी शोध घेतला. सतराव्या शतकातील रघुनाथ पंडिताच्या 'भोजनकुतूहल' या ग्रंथाकडेही त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुण्यात काय खावे याचा विचार करणाऱ्या वैद्याने या ग्रंथालयात अर्धा तास तरी बसावे.

जुन्या शहरात अर्धा दिवस

मेट्रोने मंडई स्थानकावर उतरावे. महात्मा फुले मंडईची इमारत १८८० च्या दशकातील असून तिचे मूळ नाव रे मार्केट होते. ऋतूप्रमाणे कोणती भाजी आली आहे हे येथे एका फेरीत कळते. मंडई आणि रविवार पेठेच्या परिसरात काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत. भाव विचारण्याआधी माल हातात घेऊन, मोडून, हुंगून पाहावा. वरील अनुभवानंतर अधिक सांगणे नलगे.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या डॉ. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या संग्रहातील दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी आणि तळपाय घासण्याच्या नक्षीदार वज्री पाहताना दिनचर्येचा अध्याय डोळ्यांपुढे उभा राहतो. आम्हां कोथरूडकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे तेथील मस्तानी महाल. बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या वास्तूचे अवशेष हलवून केळकरांनी तो येथे पुन्हा उभा केला. कोथरूडचा इतिहास पाहण्यासाठी कोथरूडबाहेर जावे लागते ते असे.

वेळ उरल्यास शनिवारवाडा पाहावा. गुडघे साथ देत असल्यास पर्वती चढावी. दोन्ही एकाच दिवशी करू नयेत.

भोजनविचार

आता मुख्य प्रश्न. चरकाचार्यांनी सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने प्रवासातही लागू आहेत. त्यांपैकी राशी, काल आणि संयोग ही तीन सांभाळली तरी पुणे सुखाने पचते.

सकाळी : नळ स्टॉप परिसरात भल्या पहाटे पोहे मिळतात. टेकडी उतरून आलेल्यास एक बशी पुरे. अमृततुल्यात आले-वेलदोडा खलबत्त्यात कुटून घातलेला चहा मिळतो. औषधालयचालकांना त्या ठोक्यांचा आवाज घरचाच वाटेल. फर्ग्युसन रस्त्यावरील वैशालीत इडली आणि डोसा खाणाऱ्यांची गर्दी असते. रांगेत उभे राहण्यात जेवढी भूक लागते तेवढाच तिचा लाभ मानावा.

मिसळ : नारायण पेठेतील बेडेकर आणि कर्वे रस्त्याजवळील काटाकिर्र ही दोन नावे पाहुणे स्वतःच घेऊन येतात. पहिली सौम्य, किंचित गोडसर. दुसरी नावाप्रमाणे तिखट. शरदात आणि पित्तप्रकृतीच्या व्यक्तींनी दुसरीच्या वाटेस जाऊ नये. जावयाचेच असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जावे, दुसऱ्यांदा रस्सा मागू नये आणि दुपारचे जेवण ताकभातावर निभवावे. आम्ही हा नियम स्वतःवर लावून पाहिला आहे. दुपारी चारपर्यंत पश्चात्ताप होत नाही.

दुपारी : मुख्य भोजन दुपारीच करावे. टिळक रस्त्यावरील बादशाही आणि आपटे रस्त्यावरील आशा ही जुन्या पद्धतीची भोजनगृहे आहेत. साधे वरण, भात, तूप, लिंबू, पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर आणि ताक असे जेवण तेथे मिळते. घरापासून दूर असलेल्या हजारो विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना अशा जेवणाने वर्षानुवर्षे निरोगी ठेवले आहे. डेक्कनवरील सुकांतामध्ये थाळीचा थाट मोठा आहे. तेथे वाढपी आग्रह करतो आणि राशीचा नियम मोडतो तो येथेच. पानावर हात आडवा धरण्यास लाजू नये.

सायंकाळी : मस्तानी, म्हणजे दुधात फळांचा रस आणि वर आइस्क्रीम. हा विषय आमच्या मित्रमंडळींत दर वेळी वादाचा होतो. चरकसंहितेत दुधाशी विरुद्ध फळांच्या यादीत आंबा आहे, तर भावप्रकाशात दूध आणि आंबा यांच्या मिश्रणाचे बृंहण, बल्य असे गुण सांगून ते गुरू आणि शीतही म्हटले आहे. आमचे मत असे की, पूर्ण पिकलेला गोड आंबा आणि दीप्त अग्नी असेल तर उन्हाळ्यातील भर दुपारी एखाद वेळ चालेल. अननस, स्ट्रॉबेरी अशा आंबट फळांची मस्तानी मात्र वैद्याने रुग्णाच्या देखत पिऊ नये, आणि रुग्ण नसताना तर मुळीच पिऊ नये.

रात्री : मुगाची खिचडी, सार, भाकरी असे हलके काही घ्यावे आणि वेळेवर घ्यावे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह कोथरूडमध्येच आहे. नाटक पाहावयाचे असल्यास जेवण प्रयोगाआधी उरकावे. प्रयोगानंतर अकरा वाजता जेवून केलेली रसनिष्पत्ती सकाळपर्यंत त्रास देते.

घरी नेण्यासाठी : चितळे बंधूंची बाकरवडी. १९५० पासून पुण्यात असलेले हे दुकान दुपारी बंद असते हा विनोद आता जुना झाला. २०१७ पासून ते दुपारीही उघडे असते.

सिंहगड जमल्यास

मुक्काम एक दिवस वाढला तर पहाटे सिंहगडास जावे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी जेथे देह ठेवला ती जागा पाहावी आणि मग पिठले-भाकरी घ्यावी. मडक्यातील दही दुपारीच, साखर घालून खावे. दही रात्री वर्ज्य आणि नुसते खाऊ नये, हा शास्त्राचा संकेत गडावर आपोआप पाळला जातो.

दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस : पहाटे टेकडी, पोहे, सकाळी मृत्युंजयेश्वर आणि हिंगणे, दुपारी साधे जेवण आणि वामकुक्षी, नंतर आघारकर संस्था किंवा भांडारकर, रात्री हलके जेवण, नाटक.

दुसरा दिवस : सकाळी ठरवून घेतलेली रसशाळेची भेट, मेट्रोने मंडई, काष्ठौषधींची दुकाने, दुपारी थाळी, केळकर संग्रहालय, सायंकाळी परतीचा प्रवास.

संस्था आणि संग्रहालयांच्या वेळा, सुट्या आधी विचारून घ्याव्यात.

अग्निमांद्याच्या व्याख्यानात उदाहरण म्हणून बसण्यास तयार असलेले आमचे ते ज्येष्ठ स्नेही गेल्या हिवाळ्यात पुन्हा आले होते. या वेळी त्यांनी आराखडा तंतोतंत पाळला. टेकडीवर शल्लकीच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले. निघताना त्यांच्या पिशवीत बाकरवडीचा एक पुडा आणि आघारकर संस्थेच्या अभिप्रायाचा कागद होता. पुडा नातवंडांसाठी होता. कागद मात्र त्यांनी खिशात ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत दोनदा चाचपून पाहिला.